११९ सेकंद आणि ३६ मिनिटं : मोझेस इटाउमा उसिकला भिडायला तयार आहे का?

१६ ऑगस्ट २०२५, शनिवार. मुंबईत दहीहंडी होती. जोगेश्वरीच्या कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर लावले आणि त्याच रात्री, आपल्याकडे रविवार उजाडायच्या आत, रियाधमध्ये मोझेस इटाउमा नावाच्या २० वर्षांच्या पोराने डिलियन व्हाइट या मुरलेल्या बॉक्सरला ११९ सेकंदांत संपवलं. तेव्हापासून एका प्रश्नावर वाद झडतोय : हा पोरगा जगज्जेत्या ओलेक्सांद्र उसिकला आव्हान द्यायला तयार आहे का?

बॉक्सिंग रोज न बघणाऱ्याला यात वाद कसला तेच कळत नाही. ऑगस्ट २०२५ अखेर इटाउमाच्या १३ लढती झाल्या, तेराही जिंकल्या, त्यातल्या ११ नॉकआउटवर, म्हणजे लढत मुदतीआधीच संपवून. आणखी काय हवं? दुसरीकडे जाणकार मान हलवत म्हणतात, "अजून कच्चा आहे." दोघांचंही बरोबर आहे, कारण 'तयार' हा शब्द दोघं दोन अर्थांनी वापरतात. एखादा जागतिक पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, जिंकायची तयारी वेगळी आणि उसिकला हरवायची तयारी वेगळी. पहिली इटाउमाकडे बहुतेक आली आहे. दुसरी अजून कोणी पाहिलेलीच नाही.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा बंदोबस्त करू. मराठीत पंच म्हणजे निवाडा करणारा आणि इंग्रजीत पंच म्हणजे गुद्दा. त्यामुळे या लेखात मारायचा तो 'ठोसा', गुण देणारा तो 'परीक्षक' आणि रिंगमध्ये उभा राहतो तो 'रेफरी'.

एका गादीवर चार राजे

हेवीवेट हा सर्वांत वरचा वजनगट. साधारणपणे २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोच्या वरचा कोणीही यात येतो. इतर गटांत वजनाला वरची मर्यादा असते, इथे नसते. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये २२६ पौंडांचा उसिक २८१ पौंडांच्या टायसन फ्युरीसमोर उभा राहू शकला. फरक २५ किलोंचा, म्हणजे सिमेंटची अर्धी गोण. जिंकला उसिकच.

आता पट्ट्यांचा घोळ. क्रिकेटला एक आयसीसी आहे. व्यावसायिक बॉक्सिंगला असं एकच घर नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार संघटना आपापला जगज्जेता ठरवतात. गिरणगावात गणपतीच्या दिवसांत प्रत्येक गल्लीला आपापला राजा असतो, तसंच. चारही पट्टे एकाकडे आले की त्याला निर्विवाद जगज्जेता म्हणतात. उसिकने हे मे २०२४ मध्ये फ्युरीला हरवून केलं आणि १९ जुलै २०२५ ला वेम्ब्लीवर डॅनियल डुब्वाला पाचव्या फेरीत झोपवून पुन्हा केलं.

पुन्हा का करावं लागलं, यातच इटाउमाच्या प्रश्नाची अर्धी चावी आहे. प्रत्येक संघटना आव्हानवीरांची एक रांग ठेवते. रांगेतल्या पहिल्याला 'मँडेटरी' म्हणतात : ठरलेल्या मुदतीत जगज्जेत्याने त्याच्याशी लढायचं, नाहीतर पट्टा सोडायचा. २०२४ मध्ये उसिकला फ्युरीशी दुसऱ्यांदा लढायचं होतं आणि आयबीएफचं म्हणणं होतं, आधी आमचा माणूस. उसिकने पट्टा सोडला आणि तो डुब्वाकडे गेला. म्हणजे उसिकला हात न लावताही जगज्जेता होता येतं. उसिक निवृत्त झाला, जखमी झाला किंवा एखाद्या संघटनेशी त्याचं बिनसलं, की पट्टा रिकामा होऊ शकतो आणि बहुधा रांगेतल्या दोघांत त्यासाठी लढत लागते.

इटाउमाच्या कमरेला आधीच एक पट्टा आहे, मे २०२४ मध्ये मिळवलेला डब्ल्यूबीओचा 'इंटरकॉन्टिनेंटल'. नाव भारदस्त असलं तरी ते जगज्जेतेपद नव्हे, क्रमवारीत वर चढायची पायरी. मुंबईकरांनी असले पट्टे जवळून पाहिले आहेत. ५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला दहा फेऱ्यांनंतर गुणांवर हरवून आशिया-पॅसिफिक पट्टा राखला आणि ओरिएंटल पट्टा जिंकला, ते दोन्ही याच जातीचे.

अकरा नॉकआउट काय सांगतात

माणूस नॉकआउट होतो तो ठोशाच्या जोराने कमी आणि डोकं गर्रकन फिरल्याने जास्त. हनुवटीच्या टोकाला बाजूने ठोसा बसला की कवटी झटक्यात वळते, आतला मेंदू मागे राहतो आणि क्षणभर सगळं बंद पडतं. मानेचे स्नायू आधीच ताठ असतील तर हे वळणं कमी होतं. म्हणून जो ठोसा दिसला नाही तोच सर्वांत घातक : मानेला तयार व्हायला वेळच मिळत नाही. इटाउमाचं खरं भांडवल हे आहे. हात मागे न खेचता, खांद्याची चाहूल न देता मारलेला आखूड ठोसा, तोही हेवीवेटच्या देहातून मिडलवेटच्या, म्हणजे बऱ्याच हलक्या गटाच्या, चपळाईने. हे शिकवून येत नाही.

व्हाइटवरचा विजय फुसका होता असं म्हणणाऱ्यांनी एक हिशेब बघावा. त्याआधी व्हाइटला पाडायला अँथनी जोशुआला सातवी फेरी लागली होती, अलेक्झांडर पोव्हेत्किनला पाचवी, फ्युरीला सहावी. इटाउमाला दोन मिनिटंही लागली नाहीत. व्हाइट तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि त्याचे चांगले दिवस मागे पडले होते, हेही तितकंच खरं.

अडचण अशी की दोन मिनिटांत संपलेली लढत माहिती फार कमी देते. ठोसा बसतो हे कळलं. आपला ठोसा बसूनही समोरचा उभा राहिला तर हा काय करतो? कळलं नाही. याला जबरदस्त ठोसा बसला तर? नाक फुटून तोंडाने श्वास घ्यावा लागला तर? डोळ्यावर खोक पडून एका बाजूचं दिसेनासं झालं तर? या तेरा लढतींतल्या दोनच शेवटपर्यंत गेल्या, त्याही सहा फेऱ्यांच्या. म्हणजे स्पर्धेत त्याने सलग केलेलं सर्वांत जास्त काम १८ मिनिटांचं. जगज्जेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची असते, प्रत्येकी तीन मिनिटं : ३६ मिनिटं. पेपर तीन तासांचा असेल तर ऑगस्ट २०२५ पर्यंत त्याने दीड तासाचाच लिहिला आहे. पैकीच्या पैकी गुण मिळवलेत, पण दीड तासाचाच.

याला एक उलट उदाहरण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. डिऑन्टे वाइल्डरच्या पहिल्या ३२ च्या ३२ लढती पहिल्या चार फेऱ्यांतच संपल्या होत्या. लोक म्हणायचे, याचा दम कोणी पाहिलाय? जानेवारी २०१५ मध्ये तो बर्मेन स्टिव्हर्नविरुद्ध बाराही फेऱ्या लढला आणि गुणांवर जगज्जेता झाला. म्हणजे न पाहिलेला दम नसतोच असं नाही. पण वाइल्डर तेव्हा २९ चा होता आणि स्टिव्हर्न समोर उभा राहून लढणारा होता. दुसऱ्या टोकाला जॉर्ज फोरमन. फ्रेझर, रोमन आणि नॉर्टन यांच्याविरुद्धच्या त्याच्या ओळीने तीन जगज्जेतेपदाच्या लढती पहिल्या-दुसऱ्या फेरीतच आटोपल्या होत्या. १९७४ मध्ये किन्शासात मोहम्मद अलीने त्याला दोरांवर टेकून ठोसे मारू दिले, मारू दिले आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला पाडलं.

सातव्या फेरीपासून शरीरात काय होतं

दादरच्या पुलावरून खाली येताना गाडी सुटताना दिसली की आपण जे धावतो, ती एक प्रकारची ताकद. स्नायूंत साठवलेलं तयार इंधन, दहाएक सेकंद पुरणारं. डबा पकडल्यावर आपण दांडीला धरून धापा टाकतो ते ती उधारी फेडण्यासाठी. नॉकआउटचा मारा म्हणजे ही धाव. ३६ मिनिटं लढायचं म्हणजे दर काही सेकंदांनी अशी एक गाडी पकडायची, मधल्या वेळात उधारी फेडायची आणि हे चालू असताना कोणीतरी पोटात गुद्दे मारत असतो. फेऱ्यांच्या मध्ये एकेक मिनिटाच्या अकरा सुट्ट्या. घड्याळ एकूण ४७ मिनिटं चालतं.

मोठ्या देहाला हे आणखी जड जातं. जास्त स्नायू म्हणजे जास्त प्राणवायूची मागणी आणि बाहेर टाकायला जास्त उष्णता. हुकलेला ठोसा बसलेल्यापेक्षा जास्त दमवतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. बसलेल्या ठोशाला समोरचं शरीर थांबवतं. हुकलेला आपल्याच खांद्याला आणि पाठीला आवरावा लागतो, शिवाय गेलेला तोल पायांनी सावरायचा. म्हणून चतुर बॉक्सर पहिल्या चार फेऱ्यांत समोरच्याला मुद्दाम हवेत मारायला लावतो.

दमछाक ठरलेल्या क्रमाने येते. आधी पोटऱ्या जड होतात आणि टाचा जमिनीला टेकू लागतात. टाचा टेकल्या की अंतराचा अंदाज चुकतो, अर्धा फूट इकडे-तिकडे. मग खांदे भरतात, जॅब मारून परतणारा हात हनुवटीऐवजी छातीशी येतो. (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, बॉक्सिंगचं अ-आ-इ.) सर्वांत शेवटी डोकं दमतं : काय करायचं ते माहीत असतं, पण अर्ध्या सेकंदाने उशिरा सुचतं.

"सरावात बारा फेऱ्या करतोच की तो!" करत असणार. पण सराव-लढतीत, म्हणजे स्पारिंगमध्ये, साधारणपणे १६ औंसांचे जाड ग्लोव्ह्ज आणि डोक्याला कवच असतं, आणि समोरचा दर तीन-चार फेऱ्यांनी बदलतात. प्रत्यक्ष लढतीत ग्लोव्ह १० औंसांचा, डोकं उघडं आणि माणूस तोच, जो पहिल्या फेरीपासून तुमच्या चुका मोजत आलेला असतो. गोविंदा पथकंही गुरुपौर्णिमेपासून सराव करतात, रोज एखादा थर वाढवत. पण खाली दोरी धरून केलेला सराव वेगळा आणि चार ठिकाणच्या हंड्या फिरून, पावसात भिजून, रात्री दहाला पुन्हा खांदा द्यायचा ते वेगळं. थर लावण्याइतकंच ते नीट उतरवणंही कौशल्याचं, हे कुठलाही जुना गोविंदा सांगेल.

पाच फेऱ्या जिंकूनही हार

गुणांचा हिशेब सोपा आहे. तीन परीक्षक असतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. जो एकदा खाली पडला त्याला साधारणपणे ८.

समजा इटाउमाने झंझावाती सुरुवात करून पहिल्या पाच फेऱ्या घेतल्या आणि उरलेल्या सात उसिकने. इटाउमाचे ११३, उसिकचे ११५. बरं, त्या पाचांतल्या एका फेरीत इटाउमाने उसिकला खालीही पाडलं असं धरू. उसिकचा एक गुण कमी होतो : ११४ विरुद्ध ११३. तरीही उसिकच जिंकला. म्हणजे अर्ध्या लढतीपुरतं इंधन असलेल्या पोराला नॉकआउटशिवाय रस्ता नाही, आणि ही गोष्ट समोरच्या कोपऱ्यालाही, म्हणजे तिथल्या प्रशिक्षक-मदतनिसांनाही, ठाऊक असते.

उसिक नेमकं करतो काय

बघणाऱ्याला पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उसिक काहीच करत नाही असं वाटतं. खांदा हलवतो, गुडघा वाकवतो, जॅब अर्ध्यावर नेऊन परत आणतो. कबड्डी बघितलेल्याला हे लगेच ओळखू यावं. चढाईला गेलेला खेळाडू मध्यरेषा ओलांडल्या ओलांडल्या कोणाला शिवायला धावत नाही. तो डावीकडे हुलकावणी देतो, उजवा कोपरा किती सरकला ते बघतो, परत फिरल्यासारखं करतो, मधला पुढे येतो का बघतो. गडी मिळवायच्या आधी तो बचावाची चाचपणी करत असतो. उसिकच्या हुलकावण्यांचं काम तेच. प्रत्येक हुलकावणीला समोरच्याने काहीतरी उत्तर दिलंच : हात वर गेला, डोकं मागे झालं, पाय रोवला. पाचव्या फेरीपर्यंत ही सगळी उत्तरं उसिककडे जमा असतात. शिवाय प्रत्येक खोट्या हल्ल्याला खरी दचक लागते, आणि दचकायलाही इंधन जळतं.

दुसरं हत्यार पाय. तो ठोसा मारून जागेवर राहत नाही, अर्धं पाऊल बाजूला गेलेला असतो. समोरच्याला पुन्हा वळून, पाय जुळवून, मग मारावं लागतं. जुळवाजुळव होईपर्यंत उसिकचे दोन ठोसे झालेले असतात. आपल्याहून उंच आणि जड अशा जोशुआला त्याने २०२१ आणि २०२२ मध्ये असंच हरवलं.

त्याचा कस लागलेला आहे, हे तर सर्वांत महत्त्वाचं. मे २०२४ मध्ये फ्युरीविरुद्ध मधल्या फेऱ्या त्याच्या हातातून निसटत होत्या, शरीरावर आणि डोक्यावर चांगले ठोसे बसत होते. त्यातून सावरत आठव्या फेरीत त्याने चित्र फिरवलं आणि नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर असा आदळत होता की रेफरीला अंक मोजावे लागले. निकाल दोन विरुद्ध एक परीक्षक असा निसटता लागला. लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण, तीनशेहून जास्त हौशी लढती, खालच्या क्रूझरवेट गटात चारही पट्टे, मग हेवीवेट. बिघडलेली लढत दुरुस्त करणं हा त्याचा सवयीचा धंदा झाला आहे. इटाउमाची लढत एकदाही बिघडलेली नाही. ही स्तुती आहे आणि तीच त्याची उणीवही.

डावखुऱ्यापुढे डावखुरा

इटाउमाचा एक फायदा उसिकसमोर आपोआप गळून पडतो, आणि चर्चेत तो क्वचितच निघतो. दोघंही डावखुरे. डावखुरा बॉक्सर उजवा पाय आणि उजवा हात पुढे ठेवून उभा राहतो, त्याचा जबर ठोसा मागच्या डाव्या हातातून येतो. बहुतेक बॉक्सर उजवे असल्याने त्यांना हे उलटे कोन सवयीचे नसतात. क्रिकेटमध्ये डावखुरा वेगवान गोलंदाज नेटमध्ये रोज मिळत नाही, तसंच. पण समोर डावखुराच आला की आरसा समोर ठेवल्यासारखं होतं. आता गडबड दोघांचीही होऊ शकते, कारण डावखुऱ्यांनाही डावखुऱ्यांचा सराव कमीच असतो.

इटाउमाने डिसेंबर २०२४ मध्ये डेम्सी मॅकीन या डावखुऱ्याला हरवलं आहे. पण तीही लढत पहिल्याच फेरीत आटोपली, त्यामुळे शिकवण पुन्हा शून्य.

"माइक टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झालाच ना?"

झाला. २२ नोव्हेंबर १९८६, ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत पाडून, वय २० वर्षं ४ महिने. सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेत्याचा हा विक्रम मोडायचं इटाउमाचं स्वप्न होतं, ते वयाने मागे टाकलं आहे.

पण टायसनच्या त्या लढतीआधीचं बघा. मार्च १९८५ ते नोव्हेंबर १९८६ या वीस महिन्यांत तो २७ वेळा लढला होता, म्हणजे महिन्याला एकाहून जास्त. १९८६ च्या मे महिन्यात जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन या दोघांनी त्याला पूर्ण दहा-दहा फेऱ्या पळवलं होतं. नॉकआउट मिळत नसेल तर काय करायचं, याचं उत्तर त्याने वीस दिवसांत दोनदा लिहून ठेवलं होतं. शिवाय बर्बिक म्हणजे उसिक नव्हे, आणि त्या रात्री पणाला एकच पट्टा होता.

अलीचं नावही निघतं : १९६४, सॉनी लिस्टन, वय २२. अलीच्या त्याआधी १९ लढती झाल्या होत्या. त्यात हेन्री कूपरने त्याला खाली पाडलं होतं आणि डग जोन्सने शेवटच्या घंटेपर्यंत घाम फोडला होता. बावीसचा असला तरी पोळलेला होता.

"उसिक म्हातारा झालाय, हीच वेळ आहे"

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जानेवारी १९८७ चा जन्म, म्हणजे २०२५ मध्ये ३८. बॉक्सरचं म्हातारपण हळूहळू येत नाही. मागच्या लढतीपर्यंत ठीक असलेले पाय एका रात्रीत जड वाटतात. शिवाय जगज्जेत्याला हरवून गादीवर बसणं आणि तो उठून गेल्यावर बसणं यात मान वेगळा असतो.

असं असलं तरी जुलै २०२५ मध्ये हाच उसिक डुब्वासमोर पाचव्या फेरीत लढत संपवून गेला, आणि डुब्वा तेव्हा २७ वर्षांचा, त्याआधी जोशुआला झोपवून आलेला होता. घसरण सुरू झाल्याची खूण त्यात तरी दिसली नाही. उद्या लढत झालीच तर माझ्या मते पहिल्या चार फेऱ्या उसिकला खरोखर धोका आहे, कारण इतके चपळ हात त्याने हेवीवेटमध्ये पाहिलेले नाहीत. पाचवीनंतर मात्र प्रत्येक मिनिट उसिकच्या बाजूने जाईल.

"हरला तर हरला, सचिननेही सोळाव्या वर्षीच सुरुवात केली"

मुंबईत हा मुद्दा निघणारच. डिसेंबर १९८८ मध्ये वानखेडेवर रणजी पदार्पणात शतक, वय १५. पुढच्या नोव्हेंबरात कराचीत कसोटी. पहिल्या डावात १५ धावांवर वकार युनूसने त्रिफळा उडवला. पण त्रिफळा उडाला तरी पुढचा डाव असतो. बॉक्सिंगमध्ये वाईट दिवसाचा हिशेब शरीरातून चुकता होतो.

पटकन नॉकआउट झालेला बॉक्सर तुलनेने सुदैवी. भीती असते ती हरत असूनही उभं राहून सात-आठ फेऱ्या मार खाण्याची. डोकं पुन्हा पुन्हा हलल्याने मेंदूच्या आवरणाखालच्या बारीक शिरा फाटून रक्त साचू शकतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा दुक कू किम लास वेगासमध्ये चौदाव्या फेरीपर्यंत लढला आणि चार दिवसांनी गेला. त्यानंतरच जगज्जेतेपदाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आल्या. म्हणून तरुण बॉक्सरचा कोपरा टॉवेल टाकून लढत कधी थांबवणार, हे करारातल्या पैशांइतकंच महत्त्वाचं असतं.

नुसतं हरण्याचा बाऊ मात्र नको. खुद्द डुब्वा बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये वय २३, १५ लढती, १५ विजय, १४ नॉकआउट. आकडे अगदी इटाउमासारखे. जो जॉइसच्या जॅबने त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं आणि दहाव्या फेरीत तो गुडघ्यावर बसला. घाबरट म्हणून त्याला पुष्कळ बोल लागले. मोडक्या हाडावर आणखी ठोसे खाऊन दृष्टी घालवण्यापेक्षा तो निर्णय शहाणपणाचा होता, आणि चार वर्षांनी तोच जगज्जेता म्हणून वेम्ब्लीवर उतरला. ही चार वर्षं वाया गेली म्हणायची की लागणारच होती, यावर मतभेद आहेत. जॉइसआधी त्याला दोन कठीण, लांबलेल्या लढती मिळाल्या असत्या तर कदाचित ती वाचली असती.

मग मधे कोण हवं?

मॅचमेकर, म्हणजे कोणाला कोणाशी लढवायचं ते ठरवणारा माणूस, तालमीतल्या वस्तादासारखा असतो. जोड लावताना पठ्ठ्याला काय येत नाही ते त्याला माहीत असावं लागतं. इटाउमासाठी तीन प्रकारचे गडी हवेत.

एक, न पडणारा. ठोसे खाऊन पुढे येत राहणारा आणि दहा फेऱ्या हजर राहणारा. इथे विजय गुणांवर मिळाला तर लोक नाक मुरडतील, पण जाणकाराला खरी माहिती त्याच रात्री मिळेल.

दोन, पोटावर मारणारा. जर्मनीचा अगित कबायेल हा यातला दादा माणूस. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने चीनच्या अगडबंब झांग झिलेइला बरगड्यांखाली मारून सहाव्या फेरीत बसवलं. यकृतावर बसलेल्या ठोशाने माणूस पूर्ण शुद्धीत असतो, पण पाय ऐकत नाहीत. इटाउमा शरीराचा मार कसा सोसतो हे ठाऊक नाही, आणि उसिकही पोटावर छान मारतो.

तीन, डावखुरा आणि ताकदवान. झांग स्वतः तसा आहे, चाळिशी उलटलेला आणि संथ, पण २०२३ मध्ये जॉइसला दोनदा हरवणारा.

उमेदीतला हेवीवेट वर्षाला तीन, फार तर चार लढती करू शकतो. म्हणजे हे सगळं वर्ष-सव्वा वर्षाचं काम आहे. त्या काळात एखादा पट्टा रिकामा झाला तर त्यासाठी बेलाशक लढावं. तिथे समोर उसिक नसेल.

पहाटे लढत बघताना

इंग्लंडमधली मुख्य लढत आपल्याकडे रविवारी पहाटे तीनच्या आसपास लागते. इटाउमाची पुढची लढत बघायला उठणार असाल तर ठोशांकडे कमी आणि पुढच्या गोष्टींकडे जास्त बघा.

त्याच्या टाचा. चौथ्या-पाचव्या फेरीत जमिनीला टेकल्या का? जॅब मारलेला उजवा हात परत कुठे येतो, गालाशी की छातीशी? एक ठोसा हुकल्यावर लगेच दुसरा त्याहून जोरात मारतो का? तसं करत असेल तर तो चिडलाय, आणि चिडलेला बॉक्सर उसिकच्या कामाचा. समोरच्याने मिठी मारली की हा ढकलाढकलीत ताकद घालवतो की आपलं वजन त्याच्या मानेवर टाकून स्वतः विसावा घेतो? शेवटची युक्ती विशीतल्या बॉक्सरला सहसा येत नाही. आली असेल तर कोणीतरी मुद्दाम शिकवली आहे.

आणि लढत सहाव्या फेरीपलीकडे गेलीच, तर त्या एका मिनिटाच्या सुट्टीत रिप्ले बघू नका. स्टुलावर बसलेल्या इटाउमाकडे बघा. तोंड उघडं आहे का, पाणी गिळतोय की चूळ भरून टाकतोय, आणि प्रशिक्षक बेन डेव्हिसन बोलत असताना त्याची नजर प्रशिक्षकावर आहे की त्याच्या खांद्यावरून समोरच्या कोपऱ्याकडे.